पंचवीस अंशांचं घर

"आई, तुम्ही परत हीटिंगच्या त्या चकतीला हात लावलात?"

जावयानं आवाज चढवला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून अगदी हळू विचारलं. कुणी ओरडलं तर मला चालतं, मी दुप्पट ओरडते आणि विषय संपतो. हळू विचारलेलं मात्र मला फार लागतं. मी डिंकाचे लाडू वळत होते. दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरले.

"तुषारराव, या तुपाच्या हातांनी मी तुमच्या काचेला हात लावीन?"

"मग तीस कुणी केलं? फोनवर आलं माझ्या, तिथूनच परत वीस केलं मी."

"मी केलं. सकाळी. तेव्हा हात कोरडे होते."

त्यानं फोन माझ्यासमोर धरला. त्यावर मोठ्या अक्षरात पंचवीस लिहिलं होतं. "हे बघा. घरात आत्ता पंचवीस आहे. मिडवाइफनं बजावलंय, तान्ह्या बाळाला अठरा-वीसच्या वर नको, झोपेत धोका असतो. आणि तुम्ही तीस करून ठेवता?"

"पंचवीस? अहो, माझ्या पायात दोन मोज्यांचे जोड आहेत. तूप बघा, वाटीत थिजलंय."

"तुम्ही सांगलीहून आलाय. तुम्हाला गारच वाटणार."

असं म्हणून त्यानं फोनवर चार बोटं टेकवली आणि हॉलच्या भिंतीवरच्या त्या चकतीला कुलूप घातलं. आकड्यांचं कुलूप. मी तीस वर्षं सांगलीत मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. दोनशे पोरींच्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या. आणि माझ्याच लेकीच्या घरात जावयानं माझ्यासाठी कुलूप घातलं. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ना, तसं झालं.

ही गोष्ट ॲबरडीनची, स्कॉटलंडमधली. केतकीचं पहिलं बाळंतपण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आमच्याकडची रीत. लेकीला सांगलीला येता येईना, म्हणून माहेर उठून तिच्याकडे आलं. माहेर म्हणजे मी. डिंक, अळीव, बाळंतशेपा, जुन्या साड्यांची दुपटी, सगळं घेऊन आले. दार उघडलं तर सोफ्यावर विहीणबाई बसलेल्या. माझ्या आधी आठवडाभर येऊन पोचलेल्या.

विमलबाई देवरे, नाशिकच्या. बारीक अंगाच्या, बारीक आवाजाच्या. मी दहा वाक्यं बोलले की त्या एक बोलणार, तेही "बरं" किंवा "असं का". घरात काही झालं की तोंडात मूग धरून बसायच्या. मला ही माणसं कधीच समजली नाहीत. आतल्या गाठीची बाई, असं मी लग्नातच आमच्या ह्यांना सांगितलं होतं. आणि केतकी त्यांना मम्मी म्हणायची. मला आई, त्यांना मम्मी. एका घरात दोन आया, आणि बाळंतीण एक.

त्यात नवरात्र. त्या वर्षी अधिक महिन्यामुळे नवरात्र पार ऑक्टोबरच्या मध्यावर गेलेलं. देवऱ्यांकडे सप्तशृंगीचं नवरात्र असतं, घट बसतात. विहीणबाईंनी इथंही घट बसवले. स्वयंपाकघरात धुराचा भोंगा होता, उदबत्ती लावली की घर डोक्यावर घ्यायचा. म्हणून हॉलमध्ये भिंतीला लागून लाकडी फळी होती तिच्यावर घट मांडला. पत्रावळीत माती, त्यात सात धान्यं, मधे कलश, वर फुलांची माळ. शेजारी नंदादीप. चांगला थोराड पितळी दिवा, वर काचेची चिमणी, म्हणजे दाराच्या वाऱ्यानं ज्योत हलायला नको. घट बसले की दसऱ्यापर्यंत जागचे हलवायचे नाहीत आणि दिवा विझू द्यायचा नाही, हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

दुसऱ्या माळेला केतकी बाळंत झाली. मुलगा. आणि देवऱ्यांच्या घराला सोयर आलं. आता सोयरातल्या माणसानं देवाला शिवायचं नाही. म्हणजे विहीणबाई नाहीत, तुषार नाही, केतकीचा तर प्रश्नच नाही. घरात सोयर नसलेलं माणूस एकच, मी. लेक दिलेल्या घरची मी परकी.

"ताई," विहीणबाई म्हणाल्या, "दिव्यात तेल तेवढं घालाल ना?"

त्या ॲबरडीनच्या मुक्कामात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. नाही कसं म्हणणार? देवाचं काम. मी रोज सकाळी आंघोळ करून त्यांच्या कुलदेवीच्या दिव्यात तेल घालायची, माळ बदलायची, काजळी झाडायची. बाळाला शेकून झालं की परत आंघोळ, परत तेल. पाणी मात्र कढत यायचं. तेच मला कळेना. नळाला कढत पाणी येतंय म्हणजे बॉयलर मेलेला नाही. मग भिंतीवरचे रेडिएटर प्रेतासारखे गार का?

थंडीही नेमकी त्याच आठवड्यात पडली. त्यामुळे घर आधी तापायचं आणि आता तापत नाही, असं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

* * *

पाचव्या माळेला मिडवाइफ आली. तिनं केतकीच्या खोलीत एक छोटं थर्मामीटर ठेवलं, पाच मिनिटांनी बघितलं आणि तिचा चेहराच बदलला. चौदा. बाळाच्या पायांना हात लावला, टोपी घाला म्हणाली, आणि तुषारला बाजूला घेऊन बराच वेळ बोलली. मी जिन्यात उभी होते. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, एका गोऱ्या बाईनं तरी सांगितलं.

ती गेल्यावर तुषार खाली आला. विहीणबाई सोफ्यावर, मी खुर्चीत.

"खोलीत चौदा आहे," तो म्हणाला. "आणि खाली पंचवीस दाखवतंय. याचा अर्थ वरची हवा जातेय कुठंतरी. आई, तुम्ही बाळाला धुरी देता तेव्हा खिडक्या उघडता ना?"

"धुरी दिल्यावर उघडणार नाही तर काय? पोराला कोंडून मारू?"

"किती वेळ उघड्या असतात?"

"धूर जाईपर्यंत. तुमचा तो भोंगा वाजायला नको म्हणून उघडते. माझी हौस नाही."

"झालं तर मग," तो म्हणाला. म्हणजे निकाल लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी. विहीणबाईंकडे बघितलं, म्हटलं एक शब्द तरी बोलतील, की बाई, खिडकी दहा मिनिटं उघडते, त्यानं घर चौदावर येत नाही. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"उद्या माणूस बोलावलाय बॉयलरचा," तुषार म्हणाला. "त्याला जमलं तर ठीक. नाहीतर शनिवारी मी केतकीला आणि बाळाला ग्लासगोला माझ्या ताईकडे नेतो. तिथं घर गरम आहे. मम्मी सोबत येईल."

"आणि मी?"

तो थोडा अडखळला. तेवढी लाज होती त्याला. "ताईचा फ्लॅट लहान आहे आई. दोन खोल्या. तुमचं तिकीट आपण अलीकडे घेऊ. नाहीतरी तुम्हाला इथली थंडी सोसत नाहीये."

मला थंडी सोसत नाहीये. मी सव्वा महिना लेकीचं करायला आले होते, आणि हा मला आल्यापासून बाराव्या दिवशी घरी धाडत होता. बाळाचं बारसं माझ्याशिवाय, लेकीच्या पाठीला तेल माझ्याशिवाय. आणि तिथं ग्लासगोच्या दोन खोल्यांत विहीणबाई मात्र बाळ मांडीवर घेऊन बसणार.

"विहीणबाई," मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मुलं ठरवतील तसं," त्या म्हणाल्या.

मुलं ठरवतील तसं. बघा म्हणजे. तलवार मुलाच्या हातात, मूठ आईच्या.

रात्रीच्या जेवणाआधी मी केतकीकडे गेले. ती बाळाला पाजत होती, अंगावर दोन दुलया. मी सगळं सांगितलं. तिचा नवरा काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्याची आई कशी गप्प बसली, वसतिगृहात असताना एकदा सगळ्या इमारतीचं पाणी बंद झालं होतं तेव्हा मी कसं निस्तरलं होतं. ती ऐकत होती. मधेच म्हणाली, "आई, बाळ झोपतंय."

"झोपू दे. मी हळूच बोलतेय. तू सांग त्याला, की आई कुठं जाणार नाही. तुझ्या तोंडून ऐकेल तो."

"बघू," ती म्हणाली.

"बघू काय? तू माझी लेक आहेस ना?"

तिनं डोळे मिटले. दमली होती, मला कळत होतं. पण मीही दमले होते.

* * *

दुसऱ्या दिवशी बॉयलरचा माणूस आला. सहा फूट उंच, तांबडी दाढी, पायात लोखंडी टोकांचे बूट. तुषार नेमका औषधाच्या दुकानात गेला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटात तो बॉयलर. माणसानं झाकण काढलं, कुठलीशी कळ दाबली, आणि धडधडत बॉयलर पेटला. रेडिएटर टिकटिक करत तापायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो, खोटं कशाला बोलू. मी त्याला दोन लाडू दिले.

"बॉयलर ठणठणीत आहे," तो म्हणाला. "मी त्याला इथून पेटवलं. एरवी त्याला पेट म्हणून सांगणारं कुणीच नाही. थर्मोस्टॅट कुठाय?"

मी हॉलमधल्या चकतीच्या दिशेनं बोट केलं. तो निघाला तसं दारात विहीणबाई उभ्या. बारीक बाई, पण दार अडवून उभी.

"बूट," त्या म्हणाल्या. "देव बसलेत."

मी त्याला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला कामावर असताना बूट काढायची त्याला परवानगी नाही, नियम आहे. विहीणबाईंनी मान हलवली. मीही म्हटलं, नियम तसा नियम. एरवी मी त्यांच्या कुठल्याही गोष्टीला मान डोलावली नसती, पण देवापुढं बूट मलाही चालले नसते.

मग तो दारातूनच वाकून बघत राहिला. "पंचवीस दाखवतंय. घर गरम आहे असं त्याला वाटतं, म्हणून तो बॉयलरला उठवत नाही." मग त्यानं दिव्याकडे बोट केलं आणि काहीतरी विचारायला तोंड उघडलं. मला बरं वाटलं, परक्या मुलखातला माणूस देवीची चौकशी करतोय. मी त्याला सांगितलं, नऊ रात्री, महिषासुर, अठरा हातांची देवी, आमच्याकडे कोल्हापूरला अंबाबाई, यांच्याकडे सप्तशृंगी, धान्य का पेरतात, दसऱ्याला त्याचे तुरे टोपीत का खोवतात. तो दोनदा "येस, बट" म्हणाला. मी म्हटलं थांबा, अजून संपलं नाही. शेवटी त्याला फोन आला. त्यानं हात जोडले, थर्मोस्टॅट बिघडलाय असं दिसतं, नवा मागवतो, पुढच्या आठवड्यात बसवू, असं म्हणून गेला. आत्ता पेटलेला बॉयलर त्यानं जाता जाता परत त्या चकतीच्या हुकमावर सोपवला, आणि पाऊण तासात घर होतं तसं थंडगार.

पुढचा आठवडा. आणि शनिवार परवावर.

तुषारनं फोन काढून ग्लासगोला बहिणीला कळवलं. केतकीची बॅग जिन्याखाली आली. माझं तिकीट बघायला घेतलं. मी कुणाशी बोलले नाही. म्हणजे बोलले, पण भांड्यांशी.

* * *

सातवी माळ. दुपारची वेळ. बाळ-बाळंतीण वर झोपलेली, विहीणबाई आपल्या खोलीत जप करत, तुषार लॅपटॉपशी. मी आंघोळ करून दिव्यापाशी आले. वात फार काजळली होती, चिमणी आतून काळी झाली होती. अखंड दिव्याची वात बदलायची तर आधी त्याच्यावरून साथीचा दिवा लावून घ्यायचा, म्हणजे ज्योत खंडत नाही. मी चांदीचं निरांजन पेटवून घटाच्या पुढ्यात ठेवलं, आणि थोरला दिवा चिमणीसकट उचलून स्वयंपाकघरात नेला.

काजळी निघता निघेना. राख लावून घासलं, पितांबरी लावली, चिमणी पुसून चकचकीत केली. रागात घासायला घेतलं की भांडं लख्ख होतंच. मनात विहीणबाईंना बोलत होते, जावयाला बोलत होते, त्याच्या ताईच्या दोन खोल्यांना बोलत होते. एवढ्यात मागच्या कपाटात धडधड झाली.

बॉयलर पेटला होता. कुणी काही न करता.

मी ओल्या हातानं रेडिएटरला हात लावला. कोमट. मग गरम. हॉलमध्ये धावले. चकती नारिंगी झाली होती आणि तिच्यात आकडा होता सतरा. सोळा झाला. मी उभीच. पंचवीसवरून हा एवढा खाली आला कसा? खिडकी बंद, दार बंद. मी कशाला शिवले नव्हते.

दिवा तयार होता. मी तो आणला, निरांजनावरून पेटवला, फळीवर त्याच्या जागी ठेवला, वर चिमणी बसवली. सहज वर बघितलं. चकती दिव्याच्या बरोब्बर वर होती, हातभर अंतरावर. चिमणीतून निघालेली ऊब मी तळहातावर घेतली. चुलीसारखी होती. आणि माझ्या डोळ्यांदेखत सोळाचे अठरा झाले, एकवीस झाले, तेवीस झाले. नारिंगी रंग गेला. स्वयंपाकघरातली धडधड बंद झाली.

मी दिवा जरा बाजूला सरकवला. आकडा उतरला, बॉयलर पेटला. परत ठेवला, बंद. दिवा त्या काचेला ऊब देत होता, आणि काच साऱ्या घराला सांगत होती, सगळं छान गरम आहे.

खरं सांगते, मला इतका आनंद आयुष्यात थोड्या वेळा झालाय. घर गरम होणार म्हणून नव्हे. विहीणबाईंची चूक सापडली म्हणून.

* * *

मी सगळ्यांना हाका मारल्या. वसतिगृहाच्या आवाजात. तुषार आला, विहीणबाई जपमाळ हातात घेऊन आल्या, केतकीही बाळाला गुंडाळून जिना उतरली. खाली नको येऊ म्हटलं असतं तरी ती आलीच असती, एवढा माझा आवाज होता.

"बघा," मी म्हटलं. "नुसतं बघा. बोलू नका."

दिवा सरकवला. आकडा पडला, बॉयलर पेटला. दिवा ठेवला. आकडा चढला, बॉयलर बंद. दोनदा करून दाखवलं. तुषारचं तोंड उघडं राहिलं. फोन बघत होता, भिंत बघत होता.

"इंजिनिअर आहात ना? समुद्रातनं तेल काढता ना? आठवडाभर माझ्या नावानं खडे फोडलेत. खिडक्या मी उघडते, चकतीला हात मी लावते, थंडी मला सोसत नाही. माझी बॅग भरायला निघाला होतात. आणि चोर इथं फळीवर, फुलांची माळ घालून."

"आई," तुषार म्हणाला, "सॉरी. खरंच लक्षात नाही आलं."

मी तिथंच थांबायला हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मी थांबले नाही. मला हवा होता तो माणूस तो नव्हता.

"विहीणबाई, तुम्ही बोला काहीतरी. तुमचा दिवा. तुमच्या हौसेपायी पाच दिवसांचं पोर चौदा अंशात काकडलं. एवढी देवी प्यारी होती तर नाशकात बसवायचे घट. इथं कुणाला दाखवायचं होतं? आणि वर तेल कुणी घालायचं, मी. माझ्याच हातानं माझ्या नातवाला गारठवलंत. हा दिवा आत्ताच्या आत्ता इथून हलवा, नाहीतर मी विझवते."

विहीणबाई दिव्याच्या आड येऊन उभ्या राहिल्या. शिवल्या नाहीत, सोयर होतं. नुसत्या आड उभ्या राहिल्या.

"घट हलणार नाही," त्या म्हणाल्या. "दिवा विझणार नाही. दसऱ्यापर्यंत नाही."

एवढी तीन वाक्यं एका दमात मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली.

"कशासाठी एवढं? नातवापेक्षा दिवा मोठा?"

"नातवासाठीच आहे."

"म्हणजे काय? नवस बोललात? कशाचा नवस? पोरीचं सगळं नीट झालं, पोर गुटगुटीत आहे, नवस कशाला लागतो? का उगाच देवीला कामाला लावायचं?"

विहीणबाईंनी केतकीकडे बघितलं. अगदी क्षणभर. मग मान खाली घातली. "मी नाही सांगणार ताई. मला सांगू नका म्हटलंय."

"कुणी म्हटलंय?"

"आई, पुरे," केतकी म्हणाली.

"तू गप्प बैस. बाळ घेऊन वर जा, इथं गार आहे. मी यांना विचारतेय. कुणी म्हटलंय सांगू नका?"

"मी म्हटलंय."

मी वळले. ती पायरीवर बसली होती, बाळ छातीशी. तुषार तिच्याकडे गेला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती, आणि तिचा चेहरा अगदी शांत होता. वसतिगृहात एखादी पोर खोली सोडून जायचं ठरवून यायची ना, तसा.

"गेल्या वर्षी एक राहिलं होतं," ती म्हणाली. "चौथ्या महिन्यात गेलं. तुषार तेव्हा समुद्रावर होता. मम्मी दोन दिवसांत आल्या. तेव्हा बोलल्या त्या, पुढचं नीट झालं तर जिथं जन्मेल तिथं देवी बसवीन म्हणून. मी म्हटलं, कुणाला सांगू नका. त्यांनी नाही सांगितलं."

बॉयलर बंद होता. फळीवरचा दिवा तेवढा चालू.

मला सुचलं ते पहिलं तेच बाहेर पडलं. "आणि मला?"

तुषारनं फोन काढला. काय केलं त्यानं, तर नुसता आकडा वाढवला. काच पंचवीस म्हणते ना, मग तिला पस्तीस मागितले. एवढ्यावर काम भागत होतं. दिवा हलवायला नको, विझवायला नको. स्वयंपाकघरात धडधड सुरू झाली. विहीणबाईंनी पुढं होऊन केतकीच्या हातातून बाळ घेतलं आणि त्याला घेऊन वर गेल्या. तुषार जिन्याखालची बॅग उचलून त्यांच्या मागून गेला. जाताना मला म्हणाला, "कुणी कुठं जात नाही आई. तुम्ही पण नाही." चांगल्या मनानं म्हणाला. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं. ते तिथंच राहणार होते, मी तिथंच राहणार होते, सव्वा महिना पुरा.

हॉलमध्ये आम्ही दोघीच उरलो. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. रेडिएटर टिकटिकत तापत होता.

"कधी झालं हे?"

"गणपतीत."

"गणपतीत मी तुला रोज फोन करत होते. रोज. एक दिवस चुकला नाही."

"हो."

"मग? अर्धा अर्धा तास आपण बोलत होतो. तेव्हा नाही सांगावंसं वाटलं?"

केतकीनं माझा हात हातात घेतला. तिचे हात बर्फासारखे होते अजून.

"आपण नाही गं आई," ती म्हणाली. "तू बोलत होतीस."

वर बाळ रडायला लागलं. भुकेचं नव्हतं, नुसतं कुरकुरणं, खांद्यावर घेतलं की राहील असं. मी सवयीनं उठले. केतकीनं माझा हात सोडला नाही.

"तू बस जरा," ती म्हणाली. आणि वर मान करून हाक मारली, "मम्मी, घेता का त्याला?"

मी परत खाली बसले.